हिवाळ्यात करवत मशीन का रुसते? कार्बोरेटरचे तीन स्क्रू समजून घेऊया



धान घरात आलं, चुरणं आटोपलं, की अवजारे बँकेतल्या वीडरला जरा आराम मिळतो. मग लाकूड कापायच्या करवत मशीनचे, म्हणजे चेनसॉचे, दिवस सुरू होतात. धुऱ्यावरची बाभूळ छाटायची असते, पावसाळ्यात पडलेलं झाड अजून बांधीत आडवं असतं, उन्हाळी धानाच्या रोवणीआधी सावली पाडणाऱ्या फांद्या काढायच्या असतात. मशीनला मागणी सगळ्यात जास्त असते ती डिसेंबर-जानेवारीत. आणि नेमकी तेव्हाच ती रुसते.

सकाळी सातला दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, मशीन काही उठत नाही. नऊला उन्हात ठेवली की दोन झटक्यांत सुरू होते. कधी सुरू होते, पण रेस दिली की दम तोडते. मग कोणीतरी म्हणतं, "कार्बोरेटर बिघडलं," आणि हातात पेचकस घेऊन दिसेल तो स्क्रू फिरवतं.

मी स्वतः केलेली चूक आधी सांगते. मे महिन्यात मी आमच्या गटाच्या मशीनचा एक स्क्रू थोडा आवळला. मशीन एकदम जोरात पळायला लागली, आवाजही बारीक आणि टिपेचा झाला. मला वाटलं, वा, मला जमलं! त्यानंतर पौषातल्या एका सकाळी बाभळीचा बुंधा कापताना मशीन कर्रर करून मध्येच थांबली. दोरी ओढली तर जागची हलेना. पिस्टन सिलिंडरला घासून जाम झाला होता. दोन्ही बदलावे लागले. त्या हंगामात भाड्याचे जेवढे पैसे आले होते, ते जवळजवळ सगळे त्यात गेले. गटाच्या बैठकीत मला कोणी रागावलं नाही, पण रजिस्टरमध्ये तो खर्च लिहिताना माझाच हात जड झाला होता.

म्हणून हा लेख. स्क्रूला हात लावू नका असं मला म्हणायचं नाही. समजून लावा, एवढंच.

कार्बोरेटर करतं काय?

चुलीचं उदाहरण घ्या. लाकडं कोंबून भरली आणि हवा मिळाली नाही, तर धूर होतो. लाकूड थोडं आणि वारा जास्त, तर आग भडभडते आणि लवकर विझते. इंजिनाचंही तसंच आहे. हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात मिसळून आत पाठवायचं, हे कार्बोरेटरचं काम. पेट्रोल जास्त झालं की मशीन धूर सोडते, जड चालते, प्लग काळा आणि ओला होतो. पेट्रोल कमी पडलं की मशीन जोरात पळते, पण तापते.

आपल्या करवत मशीनचं इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्याला वेगळी ऑइलची टाकी नाही. पेट्रोलमध्ये आपण जे टू-टी ऑइल मिसळतो, तेच आतल्या पिस्टनला वंगण देतं. म्हणजे पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी गेलं. पिस्टन तापतो आणि वंगणही मिळत नाही. माझ्या हातून घडलं ते हेच.

थंडीचा संबंध कुठे येतो?

थंड हवा दाट असते, गरम हवा विरळ. आपल्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. ४५ अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा तेवढ्याच जागेत सुमारे १२ टक्के जास्त भरलेली असते. पेट्रोल मात्र त्या हिशेबाने आपोआप वाढत नाही. म्हणून उन्हाळ्यात बरोबर लावलेली मशीन हिवाळ्यात पेट्रोलला कमी पडते. उन्हाळ्यातच कोणी ती कमी पेट्रोलवर लावून ठेवली असेल, तर थंडीत ती जळायच्या काठावर असते.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. थंडीत पेट्रोलची वाफ लवकर होत नाही, म्हणून पहिली ठिणगी पडली तरी ते पेटत नाही. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. वैनगंगेच्या काठच्या आणि तलावांच्या गावांत पहाटे धुकं आणि दंव असतं. अर्धी रिकामी टाकी, रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन, यामुळे टाकीत आतून घाम धरतो. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसोबत तळाशी बसतं. पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते.

आधी हे बघा, मगच स्क्रू

मशीन नीट चालत नसेल, तर बहुतेक वेळा दोष स्क्रूत नसतोच. हा क्रम पाळा.

१. पेट्रोल. महिन्याहून जुनं मिश्रण वापरू नका. शंका असेल तर थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून सावलीत ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते बाद. बाद पेट्रोल चुलीत, शेकोटीत, नालीत किंवा विहिरीजवळ टाकायचं नाही. बंद डब्यात भरून, खूण करून, गॅरेजवाल्याकडे द्यायचं.

२. ऑइलचं प्रमाण. मशीनच्या पुस्तिकेत १:५० लिहिलं असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, म्हणजे ५ लिटरला १०० मिली. १:२५ असेल तर १ लिटरला ४० मिली, ५ लिटरला २०० मिली. अंदाजाने बुचणभर ओतू नका, मापाचा कप ठेवा. आधी डबक्यात मिसळा, हलवा, मगच टाकीत भरा.

३. एअर फिल्टर. लाकडाच्या भुशाने तो बुजतो. बुजला की हवा कमी जाते आणि मशीन धूर सोडते. तसाच घाण ठेवून स्क्रू लावला, तर फिल्टर धुतल्यावर सगळं माप चुकतं. म्हणून आधी फिल्टर झटका, पुस्तिकेत सांगितलं असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा.

४. प्लग. काढून बघा. चहाच्या रंगाचा, तांबूस-करडा असेल तर छान. काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त, नाहीतर फिल्टर बुजलेला. पांढरट, भाजलेला म्हणजे पेट्रोल कमी. अशी मशीन तशीच चालवू नका.

५. टाकीतला छोटा फिल्टर आणि पेट्रोलची नळी. नळी कडक झाली, चिरली की हवा ओढते. तो छोटा फिल्टर दर हंगामाला बदलला तरी फार खर्च नाही.

६. साखळीची धार. बोथट साखळीवर मशीन जड चालते आणि आपण दोष इंजिनाला देतो. भुसा पिठासारखा बारीक पडत असेल तर धार गेली आहे. धार असेल तर चांगले जाडसर तुकडे पडतात.

एवढं करून मशीन सुधारली, तर पेचकस परत पेटीत ठेवा.

तीन स्क्रू कोणते?

कार्बोरेटरजवळ तीन स्क्रू दिसतात. त्यांच्याजवळ इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात.

एल अक्षराचा स्क्रू मशीन हळू चालताना आणि रेस उचलताना किती पेट्रोल जाईल ते ठरवतो.

एच अक्षराचा स्क्रू पूर्ण रेसमध्ये किती पेट्रोल जाईल ते ठरवतो. सगळ्यात जपून वागायचं ते याच्याशी.

टी किंवा एलए अक्षराचा स्क्रू पेट्रोलचा नाही. तो फक्त स्लो ठरवतो, म्हणजे रेस सोडल्यावर मशीन किती वेगाने चालत राहील ते.

दिशा लक्षात ठेवा. एल आणि एच घड्याळाच्या काट्याप्रमाणे आवळले की पेट्रोल कमी होतं, उलट सैल केले की पेट्रोल वाढतं. टी आवळला की स्लो वाढतो. या फरकात पुष्कळजणींची गल्लत होते, म्हणून मशीनच्या पेटीच्या झाकणाला आतून लिहूनच चिकटवा.

काही मशीनच्या स्क्रूवर प्लास्टिकची टोपी असते, ती थोडीच फिरते. ती तोडायची नाही, तेवढ्या फिरकीतच काम करायचं. काही नव्या मशीन स्वतःच पेट्रोल ठरवतात, त्यांना एल-एच स्क्रूच नसतात. झाडी-झुडपं कापायच्या ब्रश कटरचं कार्बोरेटर बरंचसं असंच असतं, पण त्याला कधी एकच स्क्रू असतो. पुस्तिका बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लावायचं कसं?

आधी अंगावरचं बघा. साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या, यातलं काही नको. शर्ट-पँट, बंद बूट, चष्मा, कानात बोळे. मशीनला पट्टी आणि साखळी बसवलेली असू द्या. समोर कोणी उभं राहायचं नाही, पोरं-ढोरं लांब. शेकोटी पेटलेली असेल तर तिच्यापासून दूर, मोकळ्या जागेत काम करा.

पहिली पायरी: मशीन बंद आणि थंड असताना एल आणि एच स्क्रू हळूच आवळत आत टेकवा. किती फेरे गेले ते मोजा आणि वहीत लिहा. काही बिघडलं तर परत यायचा हाच रस्ता. टेकल्यावर जोर द्यायचा नाही. आतलं टोक सुईसारखं असतं, दाबलं की बसण्याची जागा खराब होते. मग पुस्तिकेत दिले आहेत तेवढे फेरे उलट सोडा. पुष्कळ मशीनला हे माप एक फेरा असतं.

दुसरी पायरी: मशीन जमिनीवर ठेवून, साखळीचा ब्रेक लावून, मागच्या मुठीत उजवा पाय ठेवून सुरू करा. हातात लोंबकळत धरून दोरी ओढायची नाही. सुरू झाली की ब्रेक सोडा आणि तीन-चार मिनिटं हलकं लाकूड कापून तापू द्या. थंड मशीनवर लावलेलं माप तापल्यावर चुकतं.

तिसरी पायरी, स्लो: रेस सोडा. साखळी फिरत असेल तर टी स्क्रू थोडा सैल करा. मशीन बंद पडत असेल तर थोडा आवळा. मशीन चालू राहिली पाहिजे आणि साखळी थांबलेली पाहिजे. रेस सोडल्यावरही फिरणारी साखळी म्हणजे पायावर टांगलेला कोयता.

चौथी पायरी, एल: हा स्क्रू थोडा थोडा फिरवून मशीन स्लोमध्ये सगळ्यात वेगात कुठे चालते ते ऐका. तिथून पाव फेरा सैल करा. आता रेस झटकन दाबा. मशीन अडखळली, दम तोडला, तर अजून अष्टमांश फेरा सैल. धूर सोडत हळूहळू उठली, तर तेवढाच आवळा. मग स्लो पुन्हा बघा.

पाचवी पायरी, एच: मशीन स्लोमध्ये जमिनीवर ठेवूनच स्क्रू फिरवायचा, मग उचलून बघायचं. एका वेळी अष्टमांश फेऱ्याच्या वर नाही. पूर्ण रेस दोन-तीन सेकंदच द्या. रिकामी मशीन पूर्ण रेसमध्ये किंचित फाटका, फर्रफर्र आवाज करते आणि लाकडात घातली की आवाज साफ होतो, तेव्हा माप बरोबर आहे. रिकामीही टिपेला जाऊन शिट्टीसारखी किंचाळत असेल, तर पेट्रोल कमी आहे. लगेच रेस सोडा आणि स्क्रू सैल करा. लाकडात घातल्यावरही फर्रफर्र करत धूर सोडत असेल, तर पेट्रोल जास्त आहे, थोडा आवळा.

शंका आली तर पेट्रोल जरा जास्तच राहू द्या. जास्त पेट्रोलने प्लग काळा होतो आणि तो ब्रशने साफ होतो. कमी पेट्रोलने इंजिन जातं.

सहावी पायरी: चार-पाच ओंडके कापा, मशीन थंड होऊ द्या, प्लग काढून रंग बघा आणि नवे फेरे वहीत लिहा. हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं माप वेगवेगळं लिहा. फाल्गुन सरला की उन्हाळ्याच्या मापावर परत यायचं.

कितीही फिरवलं तरी माप टिकत नसेल, आज बरोबर आणि उद्या बिघडलं असं होत असेल, तर कुठून तरी जास्तीची हवा शिरते आहे किंवा कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक झाला आहे. तिथे आपलं काम संपलं. मशीन मेकॅनिककडे न्या आणि वही दाखवा. काय काय करून पाहिलं हे सांगता आलं की त्याचा वेळ वाचतो आणि आपला खर्चही.

थंडीच्या सकाळी सुरू करताना

रात्री मशीन उघड्यावर ठेवू नका, कोरड्या खोलीत ठेवा. पण चुलीच्या खोलीत नको. तापवायला म्हणून शेकोटीजवळ तर कधीच नको. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, ती जमिनीलगत पसरते आणि लांबूनही पेट घेते. मशीन गरम करायला सकाळचं ऊन पुरेसं आहे.

पेट्रोलचा रबरी फुगा असेल तर पाच-सहा वेळा दाबा. चोक पूर्ण ओढा आणि दोरी ओढा. एकदा "फट्" असा आवाज आला की चोक अर्धा करा आणि परत ओढा. फट् झाल्यावरही चोक पूर्ण ठेवून ओढत राहिलं की पेट्रोल ओव्हर होतं आणि प्लग भिजतो. तसं झालं तर प्लग काढून पुसा, चोक बंद करा, मशीन आडवी न करता चार-पाच वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर पडू द्या, थोडं थांबून प्लग बसवा. तोंड प्लगच्या भोकापासून बाजूला ठेवा. मशीन सुरू झाली की एक-दोन मिनिटं हळू चालू द्या, लगेच पूर्ण रेस नको.

मशीन सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडते, थोडं थांबलं की आपोआप परत सुरू होते, असं धुक्याच्या सकाळी झालं, तर कार्बोरेटरच्या तोंडाशी बर्फ धरत असेल. पेट्रोलची वाफ होताना गारवा तयार होतो आणि ओलसर हवेतलं पाणी तिथे गोठतं. काही मशीनमध्ये यासाठी एक पट्टी असते. तिच्यावर सूर्याची आणि बर्फाच्या फुलाची खूण असते. बर्फाच्या खुणेवर ठेवली की इंजिनाजवळची गरम हवा आत जाते. पण आपल्याकडे दहा वाजेपर्यंत चांगलं ऊन तापतं. तेव्हा पट्टी सूर्याच्या खुणेवर परत आणायला विसरू नका, नाहीतर मशीन जास्त तापेल.

साखळीचं ऑइलही थंडीत घट्ट होतं. मशीनचं टोक पांढऱ्या लाकडावर चार बोटं वर धरून रेस द्या. ऑइलची रेघ उमटली तर ऑइल पोचतं आहे. ट्रॅक्टरचं जाड गिअर ऑइल किंवा जळकं ऑइल घालू नका. जळक्या ऑइलमध्ये धातूचा चुरा असतो आणि ते हाताच्या कातडीलाही वाईट.

हंगाम संपल्यावर

महिनाभर मशीन लागणार नसेल, तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत स्लोमध्ये चालू द्या. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळलं की आतल्या बारीक वाटा बुजतात आणि रबरी पडदा चिकटतो. मग साखळी-पट्टी काढून पुसा, फिल्टर साफ करा, कोरड्या जागी टांगून ठेवा.

एक गोष्ट झाडांबद्दल. मशीन भाड्याने मागणाऱ्याला आधी विचारा, कोणतं झाड कापायचं आहे. साग, मोह, ऐन, तिवस, आंबा, चिंच अशी झाडं स्वतःच्या धुऱ्यावर असली तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे तोडायला परवानगी लागते. परवानगीचा कागद बघूनच मशीन द्या. मशीन गटाच्या नावावर आहे, तर विचारपूसही गटालाच होणार.

पुढच्या बैठकीत हे करा

गटातल्या दोघींची नावं ठरवा. स्क्रूला हात त्यांनीच लावायचा. भाड्याने नेणाऱ्याने स्क्रू फिरवला तर दुरुस्ती त्याच्याकडून, हे भाड्याच्या पावतीवर लिहा. मशीन परत आली की प्लग बघूनच अनामत परत करा. आणि मशीनची एक वही करा: तारीख, किती तास चालली, किती पेट्रोल, किती ऑइल, स्क्रूचे फेरे, प्लगचा रंग. बचतीचं रजिस्टर आपण इतकी वर्षं चोख ठेवतो, तर ही वही काय अवघड आहे?

मशीन भाड्याने दिली की पैसे येतात, हे आपल्याला लवकर समजलं. ती जळाली की सगळ्या बायांची बचत जळते, हे मला उशिरा समजलं. आमची मशीन आता तिसरा हिवाळा काढते आहे. सकाळी सुरू करताना मी अजूनही आधी वही उघडते, मग दोरीला हात लावते.